एका धुण्यानंतरचा लाल

४ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहायला नकोत. कामाचं लिहिते.

तुझं पत्र पोचलं. "काही अडचणींमुळे" गिटारचं वर्कशॉप बंद करतोस, मोठी करवत विकायला काढलीस, आणि मेहुण्याच्या फरशीच्या दुकानात जाऊन बसणार. हे सगळं अर्ध्या पानात, आणि उरलेल्या अर्ध्या पानात माझ्या गुडघ्याची चौकशी. माझा गुडघा जिथल्या तिथे आहे. तू कुठे चाललास?

गिटार करणारा माणूस फरश्या विकणार? दुसऱ्या कोणाला हसू आलं असतं, मला राग आला. म्हणून फोन केला नाही. फोनवर आपण भांडतो, आणि इथे मशीनच्या घरघरीत मला तुझं भांडण अर्धंच ऐकू येतं. मग चिडायचं तरी कशावर?

तर ऐक. तुला गिऱ्हाईक आणलंय. मी ज्या हॉटेलात कपडे धुते, तिथे जेवणाच्या हॉलमध्ये संध्याकाळी एक जण इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. उंच, हडकुळा, काळा कोट. त्याचे कोट माझ्याच हाताखालून जातात. त्याला नवी गिटार करून हवी आहे, दुकानातली नको. मी म्हटलं, माझा भाऊ करतो. तो म्हणाला, चालेल.

काय विचारायचं ते मला विचार, मी त्याला विचारते. त्याला फोन करू नकोस, त्याला फोनवर बोलायला आवडत नाही. आणि करवत विकू नकोस. करवत गेल्यावर लाकूड काय दातांनी कापणार?

ताई

११ मार्च

ताई,

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "वन्संनी आणलेलं गिऱ्हाईक. नाही म्हणायची सोय आहे का?" नाही. तेव्हा करतो. करवत तोवर राहील. मेहुण्याचं दुसरं दुकान जुलैत उघडणार आहे, त्यालाही आत्ताच घाई नाही.

आता त्याला विचारून कळव. अंग कशाचं करू? माझ्याकडे महोगनी आहे आणि अॅश आहे. महोगनी जड, तिचा आवाज पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखा. अॅशचा कडक, टोकदार. खरं सांगायचं तर इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांखाली लोहचुंबकं असतात, निम्मा आवाज त्यांचा, आणि उरलेल्या निम्म्यावरून लोक दिवसदिवस वाद घालतात. वजन मात्र लाकडाचंच असतं आणि ते खांद्यावर येतं, त्यावर कोणी वाद घालत नाही.

मान मेपलची करीन. मानेवर बोटं फिरतात ती पट्टी शिसवी हवी की आबनुसाची? अंगाच्या दर्शनी बाजूला रेघांच्या मेपलचा पातळ थर चढवू का? तळ्यावरून वारा गेला की पाणी जसं दिसतं तशा रेघा असतात त्यात. रंग कोणता, आणि लाकूड दिसू देणारा की झाकणारा? पॉलिश चकचकीत की मंद? तारा पिळायच्या खुंट्या चंदेरी, काळ्या की सोनेरी? पट्टीवर खुणेचे ठिपके शिंपल्याचे की साधे?

आणि सगळ्यांत आधी, मान कुठल्या बाजूला असते त्याची? बाकी सगळं त्यावर अवलंबून.

गुडघ्याला शेक देतेस ना?

धाकटा

१५ मार्च

धाकटे,

हे पत्र त्याच्या हाती लागू देऊ नकोस. वाच आणि फाड.

गिऱ्हाईक वगैरे कोणी नाही. गिटारवाला खरा आहे, काळा कोट खरा आहे, पण त्याने काही मागितलेलं नाही. त्या बिचाऱ्याला यातलं अक्षर माहीत नाही. मागितलीय मी, पैसे मी देणार. तयार झाली की त्याच्यापुढे धरीन. घेतली तर उत्तम. नाही घेतली तर माझ्या खोलीत ठेवीन.

फसवणूक म्हणू नकोस. पोर औषध घेत नसलं की साखरेत कालवून देतोच ना आपण? त्याला पोर म्हणू नये एवढं वय झालंय त्याचं, पण तो तोंड मिटूनच बसलाय. एक गिटार केली की हात चालेल. हात चालला की दुसरी करील. मग फरशीचं नाव काढणार नाही.

तुझ्या भावाबद्दल माझं काही म्हणणं नाही. फरशी चांगलीच वस्तू आहे. फक्त माझा भाऊ तिच्यावर दिवसभर उभा नको.

तुझं काम एकच, गप्प बसायचं. जमेल ना?

ताई

२० मार्च

वन्संना नमस्कार,

फाडलं. आधी पुन्हा एकदा वाचलं, मग फाडलं.

तुमचं बरं आहे, तुम्ही पत्र लिहून मोकळ्या. इथे डाळ, दूध, वीज मी बघते. दादाच्या दुकानात पगार दर महिन्याला हातात पडेल. मला गिटार नको, मला एक तारीख हवी आहे. असं तोंडावर बोलायला तुमच्याकडूनच शिकले, तेव्हा राग मानू नका.

पण जे पाहिलं ते सांगते. काल हे वर्कशॉप झाडत होते. हिवाळा गेला तरी तिकडे फिरकले नव्हते. माळ्यावरच्या फळ्या खाली काढल्या आणि एकेक कानाशी धरून बोटाच्या पेराने ठोकत बसले. मी चहा घेऊन गेले तर न बघता म्हणाले, "शूऽऽ." मला! चहा आणणाऱ्या बाईला, शू! चहा तिथेच ठेवून आले. नंतर बघते तर थंडगार, वर साय धरलेली.

म्हणून गप्प बसते आहे. पण जुलैपर्यंतच हं. नंतर मी बोलणार.

धाकटी

२ एप्रिल

धाकट्या,

विचारलं सगळं. कोट न्यायला आला तेव्हा धरलं. घाईत होता, तरी सोडलं नाही.

हलकी हवी. वाजवून निघतो तेव्हा खांदा चोळत जातो, ते मी रोज बघते. महोगनी जड म्हणतोस, तर नको महोगनी. पट्टी आबनुसाची, काळ्यावर मळ दिसत नाही. चकचकीत पॉलिश नको, बोटं उमटतात आणि मग पुसत बसा. सोनेरी खुंट्या तर अजिबात नकोत. सोनेरी उडतं आणि खालचं पितळ तोंड काढतं, कोटाच्या बटणांचं तेच होतं. चंदेरी लाव. ठिपके साधे. शिंपल्याचे कशाला, तो काय माशांना ऐकवणार आहे?

रेघांचं मेपल मात्र हवंच.

रंग लाल. लाल म्हणजे लिपस्टिकचा नव्हे. पांढऱ्या टेबलक्लॉथवर बीट सांडतं, आणि ते एकदा धुतलं की जो लाल राहतो, तो. दुसऱ्या धुण्यात तो जातो. तो मधला रंग कोणी बघत नाही, आम्हीच बघतो. मला तो… त्याला तो आवडतो. आणि लाकूड दिसलं पाहिजे त्यातून.

मान उजव्या बाजूला.

झालं का? लाग कामाला.

ताई

१० एप्रिल

ताई,

तुझा गिटारवाला अजब माणूस दिसतो. कोट घालणारा माणूस टेबलक्लॉथ धुताना बघायला येतो की काय? पण रंग मला कळला असं वाटतं. कळला म्हणजे डोक्यात आला, बाटलीत यायचा आहे.

अॅशच्या फळीला आतून चीर निघाली. ठोकली की फुटक्या मडक्यासारखी बोलते. तेव्हा महोगनीच घेतो, पण पोटातून कोरून काढतो. वरून मेपल बसलं की कोणाला कळणार नाही, आणि खांद्याला कळेल.

एक गोष्ट नीट बघून सांग. उजव्या बाजूला म्हणजे त्याच्या उजव्या हाताकडे का? तसं असेल तर तो डावखुरा. डावखुऱ्याची गिटार आरशात पाहिल्यासारखी उलटी करावी लागते. बाजूची खाच उलट, बटणं उलट, तारांचा क्रम उलट. एकदा कापलं की मागे फिरता येत नाही. तो जेवतो कुठल्या हाताने?

आणि मला घाई करू नकोस. ही मला मनासारखी करायची आहे.

धाकटा

१६ एप्रिल

धाकट्या,

उजव्या म्हणजे उजव्या. किती वेळा सांगू? रोज हॉलच्या दारात उभी राहून बघते, मान उजवीकडे असते. आंधळी नाही झाले अजून. जेवतो कुठल्या हाताने ते मला काय माहीत? माणूस जेवत असताना तोंडाकडे बघत उभी राहू? डावखुरा असेल तर असेल. त्याला कोणी शिक्षा केलेली नाही.

काप.

ताई

१२ जून

वन्संना नमस्कार,

आधी बिटाचं सांगते. तुमच्या त्या रंगापायी घरात बीट सोडून दुसरी भाजी आली नाही. हे माझे पांढरे नॅपकिन घेऊन बसतात. त्यावर बीट चोळायचं, साबणाने धुवायचं, ओलं असतानाच उजेडात धरायचं, मग पळत वर्कशॉपमध्ये. तिथे लाकडाच्या तुकड्यांवर रंगाचे नमुने, खिडकीत ओळीने मांडलेले. मला बोलावून विचारतात, "कुठला?" मी म्हटलं, "तिसरा." म्हणाले, "तिसरा दोनदा धुतलेला आहे." आता मला सांगा, मी या माणसाशी काय बोलू?

पण जेवताना बोलतात. आधी ताटात बघून जेवायचे आणि उठायचे. आता मेपलच्या रेघा कशा उलगडल्या, मान कशी घासली, हाताला कशी लागते. मला निम्मं कळत नाही. मी वाढत राहते, ते बोलत राहतात.

तर आता खरं सांगते. परवा दादाचा फोन आला. "जुलैत दुकान उघडतंय, जावईबापू येणार ना? नाही तर दुसरा माणूस बघतो." हे तेव्हा वर्कशॉपमध्ये होते. मी हाक मारायला दारापर्यंत गेले. हे गिटार उजेडात तिरपी धरून तिच्याकडे बघत होते. मी परत आले आणि दादाला म्हटलं, "नाही येणार. तू दुसरा बघ."

ह्यांना विचारलं नाही. आज-उद्या सांगते.

मार्चमध्ये मी तुम्हाला एक तारीख मागितली होती. ती मीच घालवली. आता वन्सं, तुमचं गिऱ्हाईक खरं असलं पाहिजे. कसंही करा. त्या काळ्या कोटवाल्याच्या गळ्यात ती गिटार पडलीच पाहिजे.

धाकटी

९ जुलै

धाकट्या,

गिटार पोचली. ओरखडा नाही.

रंग तोच आहे. मी ती खोलीत उभी केली आणि तशीच बसून राहिले, शिफ्टला उशीर झाला. मला कधी उशीर होत नाही.

आता पुढचं वाच आणि उभा असशील तर बस.

गिऱ्हाईक नव्हतं. मी बनवलं. गिटारवाल्याला काल पहिल्यांदा सांगितलं. तू वर्कशॉप मोडू नयेस म्हणून केलं. धाकटीला माहीत होतं, तिला बोलू नकोस, मीच तिचं तोंड बंद केलं होतं.

मी ती हॉलमध्ये नेली. त्याने पाहिली आणि हात पुसले. म्हणजे खरोखर रुमालाने पुसले. मग गळ्यात घातली आणि थांबला. म्हणाला, "मावशी, ही उलटी आहे." मी म्हटलं, उलटी कशी, मान उजवीकडे आहे की. तो म्हणाला, "तुमच्या उजवीकडे. माझ्या डावीकडे."

तुला कसं सांगू? आम्ही मोठ्या चादरी दोघी-दोघी घडी करतो, समोरासमोर उभ्या राहून. मी जुनी, म्हणून हुकूम माझा. मी "उजवी" म्हटलं की समोरची आपली डावी पुढे आणते. तिला कळतं. इतकी वर्षं माझी उजवी तीच सगळ्यांची उजवी आहे इथे. मला वाटलंच नाही की त्याची वेगळी असेल.

त्याने उलट्या हाताने दोन-चार तारा छेडून पाहिल्या. आवाज चांगला आहे म्हणाला. पण वाजवता येत नाही. उतरवून माझ्या हातात दिली, दोन्ही हातांनी.

गिऱ्हाईक नाही आणि गिटार उलटी. दोन्ही माझ्यामुळे. आणि त्यात मेहुण्याचीही नोकरी सोडून बसलास, धाकटीने "नाही येणार" म्हणून कळवलंय. आता पुढे काय करायचं ते सांग. इथे हॉटेलात वाजवणारे येतात-जातात, मी एकेकाला धरून विचारते.

पैसे पाठवलेत ते घे.

ताई

१६ जुलै

ताई,

बसूनच वाचलं.

गिऱ्हाईक खोटं आहे हे मला कळलं नाही. बिटापाशी कळायला हवं होतं. वाजवणारा माणूस असं बोलत नाही. पण वाटलं, असेल एखादा बरा. मानेचं मी विचारलं होतं, जाऊ दे.

नोकरीचं मात्र मला तुझ्या पत्रातून कळलं. हिच्यापुढे पत्र धरलं तर ही कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागली. कुकर लावलाच नव्हता.

ताई, मी नाही म्हणणार नव्हतो. मी हो म्हणणार होतो. मार्चमध्ये तुला लिहिलं ते रडगाणं नव्हतं, बातमी होती. अडचण एवढीच की मला कंटाळा आलाय. आजारी नाही, बुडालो नाही, कोणी फसवलं नाही. कंटाळा. धुणं धुण्याचा कंटाळा आला म्हटलं तर कोणीही मान डोलावतो. गिटारचा आला म्हटलं की लोक माझ्या कपाळाला हात लावून ताप बघतात. खुंटीच्या रंगावरून महिना-महिना चर्चा. सगळं झाल्यावर माणूस डोळे मिटून ऐकतो आणि म्हणतो, थोडा अजून उबदार आवाज हवा होता. फरशीला कोणी विचारत नाही तुझा आवाज कसा आहे. मोजायची, कापायची, बसवायची, वर चालायचं. मला तेच हवंय.

ही गिटार शेवटची म्हणून हातात घेतली होती. म्हणून फळ्या ठोकत बसलो, म्हणून नॅपकिन खराब केले. शेवटची म्हटल्यावर कंटाळा पार गेला. तुम्हा दोघींना वाटलं मी कामाला लागलो. मी आवरत होतो.

राग आला होता. तुझा कमी, हिचा जास्त, कारण ही समोर होती. दोघींनी माझ्यासाठी एवढं केलंत आणि मला एकदा विचारलं नाहीत.

काल मेहुण्याच्या दुकानात स्वतः गेलो. तो म्हणाला, "अहो, तुमचा तर नकार आला होता." मी म्हटलं, माझा सोडून सगळ्यांचा आला असेल. जागा अजून भरली नव्हती. एक तारखेपासून जातो. करवत गेली, कामाचं टेबल गेलं. हत्यारं एका पेटीत मावली.

तुझे पैसे परत पाठवतोय. चुकलेली वस्तू मी विकत नाही.

धाकटा

वन्सं, खाली जागा उरली आहे म्हणून मीही लिहिते. मी ह्यांच्यासाठी पगार सोडला आणि ह्यांना तो हवा होता! चार दिवस अबोला होता. मग भांडण झालं. चांगलं झालं, अगदी शेजारी ऐकतील असं. आता जेवताना फरशांचे दर ऐकते. हे निम्मं नाही, सगळं कळतं. धाकटी

२५ जुलै

धाकट्या,

पैसे परत पाठवू नकोस. पाठवलेस तर मी पुन्हा पाठवीन, आणि मधल्यामध्ये पोस्टमन मरेल.

कंटाळा आला होता तर कंटाळा असं लिहायचं होतंस. अडचण कशाला लिहिलीस? अडचण म्हटली की मी बाह्या वर करते, मला दुसरं काही येत नाही. कंटाळा म्हणाला असतास तर शिव्या दिल्या असत्या आणि गप्प बसले असते. कंटाळा मला कळतो. मी रोज सकाळी त्याच्या शेजारीच बसून चहा पिते.

विचारलं नाही, ते खरं आहे. तुझं पत्र आलं त्या दिवशी चादरींच्या घड्या "उजवी" न म्हणताच केल्या. समोरची म्हणाली, बरं नाही का? म्हटलं, बरी आहे, धर.

गिटार मी ठेवली आहे. गिटारवाला म्हणत होता, त्याच्या ओळखीचा एक डावखुरा आहे, विकता का? नाही म्हटलं. चुकली असेल, पण ती मी मागितली आणि तू केलीस. मला वाजवता येत नाही. सकाळी खिडकीतून ऊन येतं तेव्हा बघते आणि कामाला जाते.

आता कामाचं. आमच्या धुलाईखान्यात मोठ्या मशीनखालची फरशी उखडली आहे. पाणी साठतं, बाया घसरतात, परवा एकीचं मनगट मुरगळलं. मॅनेजर नवी घालणार आहे, अख्खा हॉल. मी त्याला तुझ्या दुकानाचा पत्ता दिला. लांब आहे म्हणाला, पण तुमचा ट्रक इकडे येतो म्हणे. पुढच्या आठवड्यात तो तुला फोन करील. खरा माणूस आहे, मी बनवलेला नाही, जाड आहे आणि सारखा शिंकतो.

त्याने मला विचारलं, "बाई, तुम्ही रोज इथे उभ्या असता, कुठली घालू? कुठला रंग?"

म्हटलं, मला विचारू नका. माझ्या भावाला विचारा, फरशीतलं त्याला कळतं.

ताई